टाकलं की बदललं? एका जाम इंजिनाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

ताईची गाडी आज टो होऊन आली. चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा). ओडोमीटरवर ६१,४०० किमी. वॉरंटी पाच वर्षं किंवा १,००,००० किमी, जे आधी होईल ते. चौथं वर्ष चालू आहे, म्हणजे कागदावर इंजिन अजून कंपनीच्या जबाबदारीचं. प्रत्यक्षात कंपनीने हात झटकलेत. अख्खं इंजिन बदलायचा जो अंदाज त्यांनी दिलाय तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त आहे.

काय झालं ते ताईच्या शब्दांत: ‘आधी सिग्नलला थांबलं की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, गाडी पळायला लागली की जायचा. मग खालून कुणी हातोडी मारतंय असा आवाज यायला लागला. आणि परवा चढावर एकदम बंद.’

स्टार्टर मारला की नुसतं टक. पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. पाव फेरा कसाबसा फिरतो, मग दगडाला अडल्यासारखा अडतो. उलट फिरवलं तर सुटतो, पुन्हा तिथेच अडतो.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची काठी, काढली. पातळी वरच्या खुणेच्या जराशी खाली, म्हणजे चांगली. ताई लगेच म्हणाली, ‘बघ, ऑइल तर आहे!’ आहे खरं. दोन बोटांत घेऊन चोळलं तर काजळात तेल कालवल्यासारखं लागलं आणि वासात जळकेपणा होता.

९ जानेवारी

आज पान्याला हात लावला नाही, फक्त कागद. दावा नाकारल्याच्या पत्रात दोन कारणं आहेत. एक: एक ऑइल बदल बाहेरच्या गॅरेजात झाला. दोन: ३१,२०० किमीनंतर ऑइल आणि फिल्टर बदलल्याचा कोणताही पुरावा नाही. सोबत ऑइल भरायच्या झाकणातून काढलेला एक फोटो. आत सगळं काळं.

भाऊजींनी गाडीतली, कपाटातली, पाकिटातली सगळी बिलं आणून जमिनीवर पसरली. तारखेप्रमाणे लावली तेव्हा चित्र असं दिसलं: ९,८०० किमीला बदल, १९,६०० ला बदल, दोन्ही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. ३१,२०० ला बाहेरच्या गॅरेजात बदल. त्या बिलावर ऑइलचा ग्रेड (जाडीचा दर्जा), फिल्टरचा नंबर, किलोमीटर सगळं नीट लिहिलेलं. त्यानंतर एक-एक लिटरच्या डब्यांची तीन बिलं आणि एक अर्ध्या लिटरचं. बस्स.

‘ऑइल टाकत होतो की आम्ही,’ भाऊजी म्हणाले.

टाकत होते. बदलत नव्हते. साडेतीन लिटर टाकलं, आणि या इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळातल्या ऑइलच्या टाकीत, फिल्टरसकट ३.६ लिटर मावतं! जवळजवळ अख्खा चेंबर भरेल इतकं ताजं ऑइल ३०,००० किमीत आत गेलं आणि जुन्याच घाणीत मिसळलं. फिल्टर मात्र ३१,२०० चाच. कंपनीच्या पुस्तिकेत १०,००० किमी किंवा एक वर्ष लिहिलंय. आणि मागच्या पानावर, सहसा कोणी पाहत नाही तिथे, ‘कठीण वापर’ नावाचा वेगळा तक्ता आहे: छोट्या फेऱ्या, सतत थांबत चालणारी वाहतूक, धूळ, भार ओढणं. त्यात ५,००० किमी किंवा सहा महिने. ताईची रोजची फेरी चार किलोमीटर जायची, चार यायची. इंजिन पुरतं तापतही नसणार.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. गाडी घेतली तेव्हा बॉनेट उघडून, काठी पुसून, ‘पातळी खाली गेली की टाकायचं’ हे तिला मीच शिकवलं होतं. बदलायचं वेगळं असतं हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. ते तिला माहीतच असेल असं मी धरून चाललो होतो.

११ जानेवारी

इंजिन उघडायच्या आधी कंपनीला ईमेल: ‘आम्ही इंजिन खोलणार आहोत. तुम्हाला आणखी तपासणी करायची असेल तर सात दिवसांत कळवा.’ आपण आधीच सगळं सोडवून ठेवलं तर उद्या कोणीही म्हणेल की पुरावा तुम्हीच बिघडवला. वाद चालू असताना पहिला पाना कोणी लावला, कधी लावला, कोणासमोर लावला याला महत्त्व असतं. कामाचा वेळ आठवडाभर वाया जाईल, जाऊ दे.

१५ जानेवारी

कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. त्यांची तपासणी पूर्ण झाली आहे, पुन्हा येणार नाहीत. प्रिंट काढून फाइलला लावलं. उद्यापासून काम सुरू.

भाऊजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘एखाद्या गॅरेजकडून मागच्या तारखेची दोन बिलं करून घेतली तर?’ मी म्हटलं, भाऊजी, एक तर ती लबाडी आहे. आणि दुसरं, तुमचं बिल एक सांगेल आणि आतला गाळ दुसरं. गाळाला मागची तारीख टाकता येत नाही. त्यांनी विषय सोडला.

१६ जानेवारी

ऑइल काढलं. गरम करता येत नव्हतं, त्यामुळे तासभर थेंब थेंब गळत राहिलं. मधल्या धारेतलं शंभर मिली स्वच्छ बाटलीत भरून, किलोमीटर आणि तारीख लिहून प्रयोगशाळेकडे पाठवायला ठेवलं. पहिली धार घ्यायची नाही, त्यात तळाचा कचरा येतो, शेवटचीही नाही.

चेंबरच्या प्लगला चुंबक आहे. त्यावर राखाडी चिखल होता, तो अपेक्षितच. चिखल बोटाने बाजूला केल्यावर खाली सोनेरी-तांबूस कण चमकले, आणि ते चुंबकाला धरलेले नव्हते, नुसते चिखलात अडकलेले. लोखंडाचा चुरा चुंबकाला धरतो. हा बेअरिंगचा, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा ज्या मऊ कवचांत फिरतो त्यांचा, धातू होता. त्या क्षणी खाली काय सापडणार ते कळलं होतं.

१८ जानेवारी

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, उतरवलं. बोल्ट निघाले, पण कव्हर हलेना. गाळाने चिकटलं होतं. रबरी हातोडीने चारी बाजूंनी टपटप केल्यावर सुटलं.

आतलं दृश्य विसरणार नाही. कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) मधल्या खोबणीत घट्ट काळा थर बसलेला, उन्हात वितळून पुन्हा थिजलेल्या डांबरासारखा. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला तर वरची साल निघाली आणि खाली मऊ, जेलीसारखं. हेडवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावरून, ऑइल खाली परत जायची जी भोकं आहेत त्यांपैकी मागची दोन पूर्ण बुजलेली. म्हणजे वर गेलेलं ऑइल वरच साचत होतं आणि खाली चेंबरमध्ये पंपाला कमी पडत होतं. टर्बोच्या बाजूला थर जास्त कडक. तिकडे उष्णता जास्त, ऑइल तिथे करपतं.

गाळ कसा होतो ते ताईला समजावून सांगावं लागलं, तिने खरंच विचारलं म्हणून. ऑइलमध्ये नुसतं तेल नसतं. घाण पकडून तरंगत ठेवणारी रसायनं असतात, ज्वलनातून येणारं आम्ल मारणारी असतात, धातूवर धातू घासला तर मध्ये थर धरणारी असतात. ही सगळी खर्च होतात. ती संपली की पकडलेली घाण सुटते आणि जिथे जागा मिळेल तिथे बसते. छोट्या फेरीत इंजिन तापत नाही, त्यामुळे आतलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही. तेही त्याच काल्यात. वरून एक लिटर ताजं घातलं की थोडी नवी रसायनं मिळतात, ती आठवडाभरात जुन्या आम्लावरच खर्ची पडतात.

ती म्हणाली, ‘म्हणजे घाण पाण्याच्या बादलीत रोज एक तांब्या स्वच्छ पाणी.’ यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

१९ जानेवारी

इंजिन स्टँडवर चढवलं, उलटं केलं, चेंबर उतरवला.

स्ट्रेनर, म्हणजे पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी, हातात घेऊन उजेडाकडे धरली. जाळीतून उजेड यायला हवा. साधारण तीन चतुर्थांश भाग काळा. जो भाग उघडा होता त्यावर प्लास्टिकचे बारीक तपकिरी तुकडे अडकलेले. टायमिंग चेनच्या (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीच्या) गाइडचे, म्हणजे तिला वाटेवर ठेवणाऱ्या पट्टीचे, असणार. चेन बघितली, सैल आहे. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, दाब नाही तर ताण नाही.

लाल दिव्याचं कोडं इथे सुटलं. तो दिवा ऑइलच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे. पातळी पूर्ण आणि दाब शून्य असं बिनधास्त होऊ शकतं. शिवाय दिव्याचं साधं स्विच फार कमी दाबाला, अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास किंवा त्याहून खाली लागतं. म्हणजे दिवा लुकलुकायला लागला तेव्हा इंजिन आधीच उपाशी होतं. वेग वाढवला की पंप जोरात फिरतो, स्विचपुरता दाब तयार होतो, दिवा जातो. बेअरिंगपुरता होतोच असं नाही. ‘गाडी पळाली की दिवा जातो’ हे चांगलं लक्षण वाटतं, आणि घात तिथेच होतो.

२१ जानेवारी

सगळे रॉड कॅप काढले. (रॉड पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडतो; कॅप म्हणजे त्याच्या खालच्या तोंडाचा सुटा अर्धा भाग.) आज जितके फोटो काढले तितके लग्नातही काढले नव्हते.

तीन नंबरचं बिग एंड बेअरिंग, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या तोंडातलं, जागेवरून फिरलंय. शेलला (बेअरिंगच्या अर्ध्या कवचाला) जागेवर धरणारी जी छोटी जीभ असते ती कापली गेली, दोन्ही शेल एकमेकांखाली सरकले, चपटे झाले. रॉडचं तोंड निळं पडलंय, उष्णतेचा निळा. क्रँकच्या त्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर, नख फिरवलं तर नख अडकतं.

पण मला उत्सुकता बाकीच्या तीन रॉडची होती. फुटलेल्या जागी पुरावा चिरडलेला असतो, शेजारच्या जागी तो शाबूत सापडतो. एक, दोन, चार, तिन्हींच्या वरच्या शेलवर, म्हणजे स्फोटाचा भार येतो त्या बाजूला, वरचा राखाडी थर पुसून खालचा तांबूस थर उघडा पडलेला. कडा गुळगुळीत, ओघळल्यासारख्या. खोल चरे नाहीत, रुतलेले कण जवळजवळ नाहीत. मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी, मात्र पुष्कळ बरी. तेही जुळतं: ऑइल आधी मेनला मिळतं, मग क्रँकच्या आतल्या भोकांतून रॉडला. तुटवडा पडला की रांगेत शेवटचा उपाशी.

या शेल आणि क्रँकमधली फट मॅन्युअलप्रमाणे ०.०२ ते ०.०५ मिमी. त्या फटीत ऑइलचा थर दाबाने उभा राहतो आणि दोन धातू एकमेकांना शिवतच नाहीत. दोन नंबरला आता ०.०९ मिमी भरलं. फट दुप्पट झाली की ऑइल बाजूने सांडतं, दाब आणखी पडतो, झीज आणखी वाढते. एकदा सुरू झालेलं हे चक्र ऑइल ओतून थांबत नाही.

२२ जानेवारी

फिल्टर कापला. करवतीने कापायचा नाही, करवतीचाच चुरा आत जातो. डबा उघडायच्या गोल कटरसारखं हत्यार मिळतं त्याने कापला. आतला कागद लाकडासारखा कडक, दोन ठिकाणी घड्या चिकटलेल्या. फिल्टर तुंबला की त्यातली बायपास झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण कोरड्या इंजिनापेक्षा घाण ऑइल परवडलं. ही झडप किती महिने उघडी होती कोण जाणे.

२४ जानेवारी, रात्री

झोप येईना म्हणून वाचत बसलो. मनात एकच प्रश्न: दोष कंपनीचा असता तर धातूत तो कसा दिसला असता? कारण असे दोष खरंच घडलेत, आणि सुरुवातीला सगळीकडे मालकालाच धरलं गेलं.

टोयोटाचं गाळ प्रकरण याचा नमुना. १९९७ ते २००२ या मॉडेल वर्षांतली ३.० लिटर व्ही-६ आणि २.२ लिटर चार सिलिंडर इंजिनं, गाळाने भरायची. कंपनी आधी म्हणाली, लोक ऑइल बदलत नाहीत. तक्रारी वाढल्यावर २००२ मध्ये गाळापुरतं संरक्षण आठ वर्षांपर्यंत वाढवलं, किलोमीटरची मर्यादा नाही. सुमारे ३३ लाख गाड्या त्यात आल्या. तरीही अट राहिलीच: मालकाने देखभालीचा वाजवी प्रयत्न केल्याचं दिसायला हवं.

ह्युंदाईचं वेगळं. २०१५ मध्ये अमेरिकेत २०११ आणि २०१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या, कारण कारखान्यात क्रँक घडवताना पडलेला धातूचा चुरा ऑइलच्या वाटांमधून पूर्ण साफ झाला नव्हता. २०१७ मध्ये ह्युंदाई-किआ मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या. पुढे त्या इंजिनांच्या शॉर्ट ब्लॉकला (इंजिनाच्या खालच्या गाभ्याला) आजीवन वॉरंटी मिळाली; त्यातूनही अतोनात हयगय वगळलेली. जनरल मोटर्सने २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-८ च्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या परत बोलावल्या, पुन्हा क्रँक, रॉड आणि बेअरिंग. त्यातला उपाय मला फार बोलका वाटला: तपासणीत पास झालेल्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल, आणि तोच ग्रेड छापलेलं नवीन झाकण.

आणि स्टेलांटिसची (प्यूजो, सिट्रोएनच्या मालक कंपनीची) प्युअरटेक इंजिनं, ज्यांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत चालतो. बेल्टचा चुरा सुटून स्ट्रेनर तुंबतो. २०२४ मध्ये त्यांनी संरक्षण १० वर्षं किंवा १,७५,००० किमीपर्यंत नेलं, वेळेवर देखभाल झालेली असेल तर. ‘देखभाल झालेली असेल तर’ हे शेपूट सगळीकडे आहे. रचनेचा दोष कंपनीने कबूल केला तरी ते सुटत नाही.

आता आमचं इंजिन. कारखान्यातला चुरा असता तर शेलमध्ये धारदार कण रुतलेले दिसले असते, फिरण्याच्या दिशेने खोल गोल चरे असते, आणि बाकी इंजिन स्वच्छ असू शकलं असतं. आमच्याकडे नेमकं उलटं. खूप इच्छा होती की कंपनीचं काही सापडावं. सापडलं नाही.

२८ जानेवारी

ऑइलचा अहवाल आला. आकडे इथे उतरवतो.

१०० अंशांना दाटपणा १५.८. हे ऑइल ५डब्ल्यू-३०. तीसच्या ग्रेडला ९.३ ते १२.५ यात राहायचं असतं. म्हणजे डब्यावर तीस, आत चाळीस. आम्ल मारायची ताकद, टीबीएन, ०.९, नव्या ऑइलची सहसा साताच्या पुढे असते. लोखंड २१०, तांबं ९५, कथील २२ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). सिलिकॉन १४, म्हणजे एअर फिल्टर ठीक, धूळ आत जात नव्हती. सोडियम आणि पोटॅशियम नगण्य, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये उतरलेलं नाही. हेड गॅस्केट निर्दोष सुटली.

३० जानेवारी

कंपनीला दुसरं पत्र. ताईने स्वतः लिहिलं, मी फक्त आकडे दिले. तिचा पहिला मसुदा रागाचा होता, तीन पानांचा. शेवटी एक पान उरलं.

मुद्दा असा मांडला: बाहेरच्या गॅरेजात ऑइल बदललं हे दावा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. तुमच्या वॉरंटी पुस्तिकेतच ‘योग्य ग्रेडचं ऑइल, योग्य फिल्टर आणि त्याची नोंद’ इतकीच अट आहे, आणि ३१,२०० च्या बिलात तिन्ही आहेत. (अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे, कंपनी फुकट देत नसेल तर तिला ग्राहकाला आपलाच भाग किंवा आपलीच सेवा घ्यायला वॉरंटीच्या नावाखाली बांधता येत नाही. पत्रात हे लिहिलं नाही. पुस्तिकेतलं त्यांचंच वाक्य जास्त लागू पडतं.) त्यानंतरचे बदल झाले नाहीत हे आम्ही मान्य करतो. पहिलं कारण लेखी मागे घ्यावं, आणि दुसऱ्याबाबत काही वाटा उचलता येईल का ते पाहावं.

भाऊजींना ‘मान्य करतो’ खटकलं. ताई म्हणाली, ‘झालंय ते झालंय. राहू दे.’

१० फेब्रुवारी

उत्तर आलं. पहिलं कारण मागे घेतलं. दुसरं कायम. ‘सद्भावना म्हणून’ टर्बोच्या किमतीतला काही वाटा कंपनी उचलेल, इंजिनाचा नाही. मला वाटतं, कागद जसे होते त्या मानाने हे वाईट नाही. ३१,२०० नंतरच्या बदलांची खरी दोन बिलं असती तर आज अख्खं इंजिन त्यांच्या खर्चाने आलं असतं, निदान भांडायला पाय तरी असते. टर्बो तसाही बदलायचाच होता. लाखभर फेरे मिनिटाला फिरणारा दांडा याच ऑइलवर तरंगत होता आणि आता बोटाने हलवला तर डुगडुगतो.

१४ फेब्रुवारी

क्रँक ग्राइंडिंगवाल्या काकांकडे. त्यांनी मायक्रोमीटर लावला, मग भिंगातून पाहिलं, मग मला विचारलं, ‘अंडरसाइझ शेल मिळतात का याची? आधी ते बघ, मग दगड लावतो.’ बरोबर आहे. घासून बारीक केलेल्या क्रँकला जाड शेल लागतात, तेच अंडरसाइझ. हल्लीच्या पुष्कळ क्रँकला वरून कडक केलेला पातळ थर असतो, घासला की जातो. काही कंपन्या घासायला परवानगीच देत नाहीत. आमच्या मॅन्युअलमध्ये ०.२५ मिमी अंडरसाइझ दिलाय आणि शेल मिळतात. तडा नाही ना हे तपासून घेतलं. तीन नंबरचा रॉड मात्र भंगारात. निळा पडलेला रॉड परत वापरायचा नाही.

१८ ते २६ फेब्रुवारी

धुलाई. या नऊ दिवसांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे आणि काम मात्र सगळ्यात जास्त हेच होतं. ब्लॉकच्या ऑइल वाटांचे सगळे प्लग काढून, लांब ब्रश घालून, धुऊन, हवा मारून, पुन्हा ब्रश. पांढरं कापड स्वच्छ निघेपर्यंत. क्रँकच्या भोकांतून अजून तांबूस चुरा निघत होता. व्हीव्हीटी सोलेनॉइडची (झडपा उघडायची वेळ बदलणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या ऑइल झडपेची) चिमुकली जाळी नवीन. ऑइल कूलर धुवायचा प्रयत्न केला नाही, नवीनच घेतला. त्याच्या आतल्या घड्यांतून चुरा कधीच पूर्ण निघत नाही आणि पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. पुन्हा बांधलेली इंजिनं महिन्याभरात बसतात ती पुष्कळदा याच कंजूषपणामुळे.

ताई रोज संध्याकाळी येऊन ब्रश मारत होती. टॅपेट कव्हर पूर्ण तिने साफ केलं.

२ मार्च

जुळणी. नवीन शेल, नवीन रॉड बोल्ट (हे ताणून बसणारे आहेत, एकदाच वापरायचे), नवीन पंप, स्ट्रेनर, चेन, गाइड, टेन्शनर. फट प्लॅस्टिगेजने मोजली: मेणासारखा बारीक दोरा ठेवून कॅप ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळायची, उघडायची, दोरा किती चपटा झाला ते पट्टीशी जुळवायचं. ०.०३, ०.०३, ०.०४, ०.०३. चार नंबरची कॅप उलटी लावत होतो, खूण पाहिली म्हणून वाचलो.

८ मार्च

सुरू करण्याआधी स्पार्क आणि पेट्रोल तोडून नुसता स्टार्टर. दहा सेकंद, विश्रांती, पुन्हा दहा. स्विचच्या जागी दाबाचा काटा बसवलाय. तिसऱ्या खेपेला काटा हलला. चौथ्याला दोन बारवर गेला. मग पेट्रोल जोडलं.

सुरू झालं. पहिले पाच सेकंद टॅपेटची टिकटिक, मग शांत. थंड असताना आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ४ बारच्या वर, पूर्ण तापल्यावर १.६. लाल दिवा विझलेला, पण आज त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे काट्याकडे बघत होते. एक गळती: फिल्टर हाऊसिंगची गोल रबर रिंग चिमटली होती. बदलली.

२२ मार्च

५०० किमी. ऑइल आणि फिल्टर बदलला. फिल्टर कापून कागद उन्हात पसरला: नवे भाग एकमेकांत बसतानाची थोडी बारीक राखाडी झाक, तांबूस काही नाही. प्लगच्या चुंबकावर केसाएवढी पेस्ट.

ताईने गाडीच्या कप्प्यात छोटी वही ठेवलीय. तिच्या अक्षरात पहिली ओळ: ‘२२ मार्च, ६१,९०० किमी. ऑइल बदललं, ५डब्ल्यू-३०, ३.६ लि. फिल्टर बदलला. बिल मागच्या खिशात.’ खाली तिने रिकाम्या डब्याचा, फिल्टरच्या नंबराचा आणि ओडोमीटरचा एकत्र फोटो काढून ठेवलाय. पुढचा बदल ६३,५०० ला, मग दर ५,००० ला. चेनचा आवाज थंड असताना अजून एकदा ऐकायचा आहे. सकाळी येऊन जा म्हणून तिला सांगितलंय.